जुने सात, नवे सात

इन्सुलिनची बाटली रात्रभर फ्रिजमध्ये उभी राहिली की तिच्यात दोन थर होतात. वर पाणी, खाली पांढरा गाळ, आणि मधली रेघ इतकी सरळ की पट्टीनं ओढल्यासारखी. ती दोन तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवायची. जोरात हलवली तर फेस येतो आणि माप चुकतं. आधी ती रेघ वाकडी होते, मग गाळाचे धागे वर चढू लागतात आणि थोड्या वेळानं सगळी बाटली पातळ दुधासारखी दिसते. तसं झाल्यावरच सुई आत घालायची.

हे मी लाल्ला रकियांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शिकवलं होतं. त्यांनी एका बैठकीत शिकून घेतलं. आयुष्यभर पीठ मळलेले हात होते ते, त्यांना घाई ठाऊक नव्हती. बाटली त्यांच्या हातात माझ्यापेक्षा चांगली फिरायची.

तस्नीमचा आजार कळला तो रमजानच्या थोडं आधी. साडेचार वर्षांची पोर घागरीला तोंड लावल्यासारखी पाणी प्यायची, आणि अंगावरचे कपडे दर आठवड्याला सैल होत होते. मी आमच्या सफ्रू गावच्या इस्पितळात रक्त तपासायचं काम करते. तिच्या रक्ताचा आकडा यंत्रातून बाहेर आला तेव्हा तो वाचणारी मीच होते. तो दुसऱ्या कुणाचा असावा म्हणून मी नळीवरचं नाव पुन्हा वाचलं.

डॉक्टरांनी सगळं समजावलं, पण मला आधीच माहीत होतं तेच माझ्या मनात रुतून बसलं. साखर वाढली तर आपल्या हाती दिवस असतात. साखर उतरली तर एक सकाळसुद्धा नसते. तेव्हापासून ती झोपली की मी तिच्या मानेखाली हात घालून बघायचे. कोरडी असली तर श्वास सोडायचे. ओली असली, तर दिवा लावायचे.

आमच्या घरात दोन वेळा नांदत होत्या. आमच्या गावात हे नवल नाही. सरकारनं घड्याळ एक तास पुढे केलं आणि ते वर्षभर तसंच ठेवलं, तेव्हापासून अर्धं गाव नव्या वेळेनं चालतं आणि अर्धं जुन्या. लग्नाचं आमंत्रण असो की नळ दुरुस्त करणाऱ्याचं येणं, कुणी वेळ सांगितली की समोरचा विचारणारच, "जुने की नवे?" रमजान आला की सरकार काटे मागे घेतं, म्हणजे महिनाभर सगळे जुन्या वेळेवर येतात. ईद झाली की पुढच्या रविवारी पुन्हा पुढे.

लाल्लांनी त्यांचं भिंतीवरचं घड्याळ कधीच हलवलं नव्हतं. "सूर्य डोक्यावर आला की बारा," त्या म्हणायच्या. "सरकारला सूर्य ढकलता येत असेल तर ढकलू दे, मग मी काटे ढकलते."

मी नव्या वेळेची. माझी पाळी, माझी यंत्रं, माझा फोन, सगळं नव्या वेळेवर. घड्याळ हे ठरवून घेतलेलं माप आहे, त्यात सूर्याचा मान-अपमान आणायचं कारण नाही, असं माझं मत होतं आणि मी ते एकदा लाल्लांना बोलूनही दाखवलं होतं. त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या.

जवाद, माझा नवरा, शेजारच्या फेस शहराला जाणारी टॅक्सी चालवतो. त्यानं या भांडणात कधी बाजू घेतली नाही. "माझ्या गाडीत सहा माणसं बसतात," तो म्हणायचा. "तीन जुन्या वेळेची, तीन नव्या. उशीर मात्र सहाच्या सहा जणांना झालेला असतो."

"जवाद, हसण्यावारी नेऊ नकोस. घरात एक काय ती वेळ ठरव," मी म्हणायचे.

"उन्हाळा जाऊ दे."

उन्हाळा गेला. मग थंडी जाऊ दे. मग तस्नीमचं दुखणं निघालं आणि तो विषयच मागे पडला. रमजानमध्ये तर सगळीच घड्याळं एक झाली. लाल्ला खुशीत होत्या. "बघ, उपासाच्या महिन्यात सरकारलासुद्धा खोटं बोलायला लाज वाटते," असं त्या उपास सोडण्यासाठीचं हरीरा सूप ढवळता ढवळता म्हणाल्या, आणि मी हसले. त्या महिन्यात आमचं चांगलं जमलं होतं.

सुईचा नियम आम्ही त्याच महिन्यात केला. सकाळची सुई सातला, आणि अर्ध्या तासानं न्याहारी. माझ्या दोन पाळ्या असतात. लवकरची असली की मी साडेसहाला घर सोडते. उशिराची असली की साडेसातला. म्हणून ठरलं, सातला मी घरात असले तर सुई मी देणार, आणि सातच्या आधी घराबाहेर पडले तर लाल्ला देणार. साधा नियम होता. महिनाभरात एकदाही चुकला नाही. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा.

ईद झाली. रविवारी काटे पुढे गेले. माझ्या फोननं ते आपोआप केलं, जवादनं गाडीतलं घड्याळ पुढे केलं. लाल्लांचं जिथे होतं तिथेच राहिलं. घरात पाहुणे होते, बदामाच्या चंद्रकोरींची ताटं फिरत होती. मी काही बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात जवादनं मला डोळ्यांनीच थांबवलं.

"आज नको," तो आईकडे नजर टाकून स्वयंपाकघरात हळूच म्हणाला. "यम्मा महिनाभर खूश आहे. ईदची मिठाई तरी सुखानं पचू दे. बघू नंतर."

त्या दिवशी मी घरीच होते. सुई मी दिली, लाल्लांच्या देखत. काही अडलं नाही.

सोमवारी माझी उशिराची पाळी. फोनवर सात वाजले तेव्हा मी बाटली फिरवली, औषध भरलं आणि झोपेतल्या तस्नीमच्या मांडीला सुई दिली. तिनं डोळे न उघडता ओठ बाहेर काढला, म्हणाली, "झालं?" "झालं, झोप," मी म्हणाले. लाल्ला वर गच्चीवर कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. जवाद पहाटेच फेसला गेला होता. साडेसातला मी जिन्याखालून हाक मारली.

"लाल्ला, निघाले मी! पोरीला न्याहारी द्या!"

"देते, देते! जा पोरी, अल्ला वाट सोपी करो!"

दार ओढून मी गल्लीत उतरले.

नऊच्या सुमारास नळ्यांची पहिली फेरी यंत्रात लावून मी हात धुतले आणि घरी फोन केला. हा माझा रोजचा शिरस्ता होता. पोरीनं किती खाल्लं ते मला ऐकायचं असायचं.

"खाल्लं का तिनं?"

"अर्धी भाकरी आणि ऑलिव्ह," लाल्ला म्हणाल्या. "आज जरा रुसलीये. खाता खाता गादीवर डोकं टेकलं आणि झोपली."

"झोपली? आत्ता?"

"लवकर उठवलं ना सुईसाठी. तू काळजी करू नकोस, मी सातच्या ठोक्याला दिली. बाटलीसुद्धा पांढरीच होती, मला फार फिरवावी नाही लागली. तूच जाता जाता फिरवून ठेवली होतीस ना?"

मी हातातला रुमाल खाली ठेवला. तो ओट्यावर नीट चौकोनी ठेवला, हे मला अजून आठवतं.

"लाल्ला," मी म्हणाले, "सुई मी दिली होती."

"केव्हा?"

"सातला. मी घरात होते."

"कुठे घरात होतीस? साडेसहाला तर गेलीस तू. मी वरून उतरले, घड्याळ बघितलं. लवकरची पाळी आहे म्हटलं."

काय झालं आहे ते मला त्या क्षणी पूर्ण कळलं नाही. एवढंच कळलं की तिच्या अंगात दोन माणसांनी दिलेलं औषध आहे आणि ती झोपली आहे.

"तिच्या मानेला हात लावून बघा."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मी तोवर जिन्यात पोचले होते. माझ्याबरोबर काम करणारी बहिजा मागून ओरडत होती, "गिझलान, काय झालं?" मी हातानंच तिला यंत्राकडे जायला सांगितलं.

"घाम आलाय," लाल्ला म्हणाल्या. "केस भिजलेत. उकडतंय का गं तिला?"

"उठवा तिला. जोरात उठवा."

"तस्नीम! ए तस्नीम! ऊठ माझ्या काळजा... डोळे उघडतेय. पण बघत नाहीये माझ्याकडे."

"साखर द्या. साखर काढा बाहेर, पाण्यात विरघळवा."

आजार कळला त्या दिवशी लाल्लांनी घरातली साखरेची ढेप आपल्या पेटीत कुलूपबंद केली होती आणि किल्ली गळ्यात बांधली होती. शेजारणीनं पोरीच्या हातावर खडीसाखर ठेवली म्हणून तिच्याशी त्या गल्लीभर भांडल्या होत्या. साखर म्हणजे विष, हे मीच त्यांना महिनाभर सांगत आले होते.

"साखर?" त्या म्हणाल्या. "पोरी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तिचं दुखणंच साखरेचं..."

"लाल्ला, आता उलटं झालंय. तिच्या रक्तात साखर उरली नाहीये. नाही दिली तर ती जाईल."

हा शब्द मी आजवर मनातसुद्धा उच्चारला नव्हता. तो तोंडातून बाहेर पडला आणि मी कठडा धरून उरलेल्या पायऱ्या उतरले. पलीकडे किल्लीचा आवाज आला, पेटीचं झाकण आपटलं, आणि पितळी हातोडीनं ढेप फोडल्याचा ठोका ऐकू आला. मी इस्पितळाच्या फाटकातून धावत बाहेर आले आणि समोरून येणाऱ्या टॅक्सीपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"गिळत नाहीये," लाल्लांचा आवाज आता बारीक झाला होता. "तोंडातून ओघळतंय. दात आवळलेत तिनं."

"पाणी ओतू नका, लाल्ला. श्वासात जाईल. मध घ्या बोटावर. गालाच्या आतून चोळा, हिरडीला चोळा. चोळत राहा."

"गार पडलीये गं."

"चोळत राहा. मी येतेय."

"तू कुठवर येणार? गल्लीत तर गाडीही शिरत नाही," त्या म्हणाल्या. "मीच आणते तिला."

आणि फोन बंद झाला.

टॅक्सीवाल्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं, माझा पांढरा कोट पाहिला, आणि पुलावरच्या गर्दीत भोंग्यावरचा हात उचलला नाही. मी फोन पुन्हा पुन्हा लावत होते. कुणी उचलत नव्हतं. बाहेर दुकानं उघडत होती, ईदच्या सुटीनंतरची पहिली सकाळ म्हणून माणसं एकमेकांना गालाला गाल लावून भेटत होती. मला त्या सगळ्यांचा राग आला. मी मनात हिशेब करत होते. हे औषध केव्हा चढतं आणि किती वेळ चढत राहतं, हे मला पाठ होतं. पहिली मात्रा आता जोरावर असेल. दुसरी अजून पुरती चढलेली नसेल. म्हणजे ती जिथे आहे, तिथून अजून खाली जाणार. शिकलेलं माणूस असल्याचा त्या वेळी मला काहीही उपयोग नव्हता. पुढे काय होणार ते तेवढं मला इतरांपेक्षा आधी दिसत होतं.

जुन्या गावाच्या वेशीपाशी गाडी पोचली तेव्हा गल्लीच्या तोंडातून लाल्ला बाहेर येत होत्या. तान्ह्या बाळाला बांधतात तशी त्यांनी तस्नीमला चादरीनं पाठीशी बांधली होती. पोरीचे पाय त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. डोकं एका खांद्यावर पडलं होतं. लाल्लांच्या पायात चपला नव्हत्या, डोक्यावरचा रुमाल गळ्यात आला होता, आणि एक हात मागे नेऊन त्यांचं मध लावलेलं बोट अजून पोरीच्या गालात होतं. त्या चालत नव्हत्या, चढावरून घसरत असल्यासारख्या येत होत्या. त्यांच्या गुडघेदुखीसाठी मी दर महिन्याला औषध आणते.

मी गाठ सोडली. तस्नीमची मान माझ्या हातात आली. ती ओली आणि थंड होती, मासळीसारखी. डोळे अर्धे उघडे होते. गाडीत तिचा एक हात एकदा झटकन हलला, मग पुन्हा हलला, तिनं न हलवता. मी तो धरून ठेवला. धरला तरी तो आतून हलतच होता.

"ही काय करतेय?" लाल्लांनी विचारलं. "का असं करतेय?"

मी टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर थाप मारली, जोरात घे म्हणून.

इस्पितळात तिला माझ्या हातातून घेतलं गेलं. यंत्रावर आकडा आलाच नाही, साखर इतकी खाली असली की येत नाही. शीर सापडेना. नर्सनं हात सोडून पायाची शीर धरली. मी आयुष्यात हजारो शिरा पाहिल्या आहेत, पण त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मग साखरेचं पाणी आत जाऊ लागलं. मुलांच्या वॉर्डचे तरुण डॉक्टर कागद घेऊन आमच्याकडे वळले.

"औषध किती वाजता दिलं?"

"सातला," मी म्हणाले.

"दुसऱ्यांदा?"

"सातला," लाल्ला म्हणाल्या.

डॉक्टरांनी आमच्या दोघींकडे पाहिलं. त्यांची आईही कुठेतरी भिंतीवर जुनं घड्याळ ठेवून राहत असणार, कारण त्यांनी पुढचा प्रश्न क्षणाचाही विचार न करता विचारला.

"जुने की नवे?"

"नवे," मी म्हणाले.

लाल्लांचे ओठ हलत होते. साडेसहा, साडेसात, सात, आठ, असं काहीतरी त्या जुळवत होत्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी आपले गाल धरले आणि भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसल्या. मलाही तेव्हाच सगळं स्पष्ट दिसलं. मी उशिराच्या पाळीला साडेसातला निघाले. त्यांच्या घड्याळात तेव्हा साडेसहा वाजत होते, माझ्या लवकरच्या पाळीची वेळ. नियम मी पाळला होता आणि त्यांनीही पाळला होता, तंतोतंत. दोघींपैकी एकीनं जरी तो मोडला असता तर पोर आज अंगणात खेळत असती.

"म्हणजे तासाभराच्या अंतरानं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागदावर लिहिलं. "दुसरी मात्रा अजून काम करणार आहे. ती संपेपर्यंत आपण तिला इथून हलवायचं नाही. पुन्हा पुन्हा बघत राहू."

"तिचं डोकं..." मी विचारलं.

"उठू दे आधी."

आम्ही बसून राहिलो. नर्स यायची, बोटातून थेंब घ्यायची, आकडा सांगायची. आकडा वर आला. मग पुन्हा उतरला. मग बाटली बदलली. हात हलायचा थांबला होता, पण डोळे उघडत नव्हते. मी तिच्या पापण्यांकडे पाहत होते. डोळे उघडल्यावर ती मला ओळखेल का, तिला बोलता येईल का, साडेचार वर्षांत शिकलेले शब्द जागेवर असतील का, हे कुठल्याही आकड्यावरून सांगता येत नव्हतं.

जवाद आला तेव्हा त्याच्या हातात गाडीची किल्ली तशीच होती. प्रवाशांना वाटेत उतरवून आला होता. त्यानं पलंगाकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. नेहमी त्याच्या तोंडावर एखादी थट्टा तयार असते. आज त्यानं नुसता पोरीचा हात हातात घेतला.

"मी मारलं असतं तिला," लाल्ला जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"यम्मा, गप्प बस."

"तिनं मला सांगितलं होतं रे."

"काय सांगितलं?" मी विचारलं.

उत्तर पलंगावरून आलं, जड जिभेनं, डोळे मिटलेलेच असताना.

"मी सांगितलं... मम्मानं टोचलं म्हणून."

मी वाकले. "तस्नीम? मी कोण आहे?"

"मम्मा." तिनं एक डोळा उघडला. तो माझ्यावर येऊन थांबला. "लाल्ला म्हणाली, चल लबाड. रोज म्हणतेस."

आणि ती रडू लागली. चिडून, नाक ओढत, पाय आपटत. नर्सनं पायातली नळी घट्ट धरली. इतकं चांगलं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. जवाद खिडकीकडे गेला आणि बराच वेळ पाठ करून उभा राहिला.

ती रोजच तसं म्हणायची, हे खरं होतं. सुई चुकवायला. मीसुद्धा तिला रोज "चल लबाड" म्हणायचे.

पोर भाकरी मागू लागली, नर्सनं दिलेली साखरेची गोळी चघळू लागली, तरी मी पलंगापासून हलले नाही. आता भीती वेगळीच होती. ही सकाळ संपेल, पण उद्या सात वाजणार होते. परवा वाजणार होते. तिला ही सुई म्हातारी होईपर्यंत लागणार होती.

लाल्लांनी गळ्यातली किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"हे घे. आणि जवाद, घरी गेलास की माझ्या घड्याळाचे काटे पुढे कर. सरकारचं तर सरकारचं. माझा हट्ट पोरीच्या जिवावर आला. आणि त्या सुईला मी पुन्हा हात लावणार नाही. अल्लाची शपथ."

जवाद खिडकीपासून वळला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याची भावना मला स्पष्ट दिसली. इतकी वर्षं त्याला जे बोलायचं नव्हतं ते आईनंच बोलून टाकलं होतं.

"बरोबर आहे, यम्मा. मी आजच करतो पुढे. सुईसाठी कुणीतरी बाई ठेवू. नाहीतर गिझलान, तू काही महिने रजा घे. काय? झालं मग. ठरलं."

"ठरलं नाही," मी म्हणाले.

"आता काय राहिलं? तुला हेच तर हवं होतं!"

मला हेच हवं होतं. मी पलंगाच्या कडेवर हात ठेवून विचार केला, जसा मी कामावर करते, आधी चूक कुठे शिरली ते शोधत. लाल्लांचे काटे आज पुढे गेले, तर पुढच्या रमजानला ते मागे न्यावे लागतील. ईदनंतर पुन्हा पुढे. दर वर्षी दोनदा अशी एक सकाळ येईल जेव्हा सात म्हणजे सात नसतील, आणि घरात कुणीतरी विसरलेलं असेल, किंवा झोपेत असेल, किंवा पाहुण्यांपुढे बोलायचं टाळत असेल. माझा फोन हलतो. जवादची गाडी हलते. सगळ्या गावात आमच्या घरचं एकच घड्याळ असं होतं जे कधी हललं नव्हतं. आणि औषधाला सूर्याचं काही नसतं, सरकारचंही नसतं. त्याला कालच्या आणि आजच्या सुईत तेवढंच अंतर लागतं.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. चूक दोन घड्याळांतून शिरली तशीच दोन हातांमधूनही शिरली होती. एक घड्याळ ठेवून भागणार नव्हतं. एकच हात हवा होता, रोज त्या वेळी घरात असणारा. तो माझा असू शकत नव्हता. नवी बाई तर नकोच. मी लाल्लांचे हात पाहिले. मध वाळून बोटं चिकट झाली होती. याच हातांनी आज सकाळी दुसरी सुई दिली होती. यांच्या स्वाधीन तिला पुन्हा करायचं म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला, आणि तो जाण्याची मी वाट पाहिली. तो गेला नाही.

"गिझलान?" जवाद म्हणाला. "बोल ना काहीतरी."

मी किल्ली उचलली आणि लाल्लांच्या तळव्यात परत ठेवून त्यांची मूठ मिटली.

"लाल्ला, तुमच्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही. रमजान येवो, ईद येवो, आजपासून घरात तीच वेळ. आणि सुई मी देणार नाही. मी घरात असले तरी नाही. रोज तुम्हीच द्यायची. तुमच्या सातला."